तुमी थांबला कावून?

बाई, मी एका ठिकाणी थांबलो आणि आता त्याबद्दल मला माफी मागायची आहे. बोललो म्हणून नाही, थांबलो म्हणून. उद्या सकाळी, कॅमेऱ्यासमोर, उभं राहून. हे ऐकून तुम्ही हातातला झारा तसाच धरून हसला असतात, हे मला माहीत आहे. पहिल्या दिवशी मीसुद्धा हसलोच होतो. आता हसू येत नाही. अन्न गिळवत नाही, दाराबाहेर मोटारसायकल थांबली की कानशिलं गरम होतात. रविवारची दुपार आहे. बायको मुलीला घेऊन माहेरी गेली आहे, म्हणजे मीच पाठवलं, आणि मी इथं बसून तुम्हाला पत्र लिहितो आहे, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी. मी भ्यालो आहे, बाई. हे वाक्य मी आजवर कुणापुढं उच्चारलेलं नाही. आपल्या बीड जिल्ह्यात पुरुषानं ते उच्चारायची पद्धतही नाही.

तुमच्याकडं मी आलो तो अब्बांच्या गाड्यावरून. अंबाजोगाईच्या बसस्टँडसमोर आमचा केळ्यांचा गाडा असायचा आणि शाळा सुटली की मी तिथं उभा राहून गळा काढायचो. एकदा तुम्ही घरी जाता जाता गाड्यापाशी आलात, डझनभर केळी घेतलीत आणि म्हणालात, "आवाज चांगला आहे रे तुझा. पण 'केली घ्या केली' काय? काय केली? चोरी केली?" अब्बा खो खो हसले आणि मी जमिनीत गेलो. आमच्या घरात 'ळ' नव्हताच, बाई. अम्मीच्या बोलण्यात नव्हता, अब्बांच्या नव्हता, मग माझ्या तोंडात कुठून येणार? दुसऱ्या दिवसापासून तुम्ही मला तुमच्या स्वयंपाकघरात माठाशेजारी उभं करायला सुरुवात केलीत. जीभ मागं वळव, टाळूला लाव, सोड. केळी. बाभळी. मोळी. वाळू. तुम्ही चुलीपाशी धपाटे लावत असायचात आणि फोडणी तडतडली की म्हणायचात, "आता बोल. फोडणीच्या वरून ऐकू आलं पाहिजे. ओरडायचं नाही, बोलायचं." शेजारच्या काकूंनी एकदा उंबऱ्यातूनच विचारलं होतं, "त्याला स्वयंपाकघरापर्यंत घेता होय हो?" तुम्ही मागं न वळता म्हणालात, "बाहेर फोडणी नाही ना, म्हणून." मला तेव्हा तो प्रश्नही समजला नव्हता आणि उत्तरही. रमजान असला की तुम्ही सराव बंद ठेवायचात, घसा कोरडा असताना बोलू नये म्हणून, आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी ज्येष्ठमधाची काडी हातात ठेवायचात.

आठवीत असताना तुम्ही मला बीडला जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेला नेलंत. विषय होता 'विचारस्वातंत्र्य: शाप की वरदान?' आपल्याकडं त्या काळी प्रत्येक गोष्टीचं तेच विचारायचे, विज्ञान असो, दूरदर्शन असो, नाहीतर शेजारी असो. तुम्ही मला दोन्ही बाजू लिहून दिल्या होत्या आणि मी दोन्ही पाठ केल्या होत्या. तिथं चिठ्ठी उचलायला लावली आणि माझ्या नशिबी 'शाप' आला. मग काय, मी असा काही तापलो की विचारू नका. "स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे!" म्हणत मी टेबलावर मूठ आपटली. शेवटी म्हणालो, "या जिभेला हाड नाही, म्हणूनच देवानं तिच्याभोवती बत्तीस पहारेकरी उभे केले आहेत, आणि ते पहारेकरी म्हणजे..." आणि थांबलो, आणि मग म्हणालो, "दात." टाळ्या थांबेनात. पहिला नंबर आला, ढाल मिळाली.

स्टँडवरच्या कँटीनमध्ये तुम्ही मला वडापाव घेऊन दिलात आणि विचारलंत, "टाळ्या कुठं पडल्या सांग."

"दातांवर," मी म्हणालो.

"नाही. दातांच्या आधी थांबलास ना, तिथं पडल्या. तो शब्द लोकांच्या तोंडाशी आला होता. शेवटच्या शब्दाआधी नेहमी दम खायचा. तेवढ्यात ऐकणारा बोलणारा होतो." मी मान डोलावली. मग तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत. "आणि आता हे सांग, जे बोललास ते तुला पटलंय का?"

"चिठ्ठीत शाप आला होता, बाई."

"हं. आज चिठ्ठीत आलं म्हणून बोललास. उद्या कुणी सांगितलं म्हणून बोलशील." एवढं म्हणून तुम्ही जी मान वळवलीत ती एसटी अंबाजोगाईला लागेपर्यंत खिडकीबाहेरच. मांडीवर ढाल घेऊन मी सगळा रस्ता रडवेला बसलो होतो. माझं काय चुकलं हे मला कळत नव्हतं, कारण भाषण तर तुम्हीच लिहिलं होतं.

आता इथलं सांगतो. मी एका संस्थेच्या ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो. हो, मराठीच. पहिल्या तासाला पोरं माझ्याकडं बघतात, वेळापत्रकावर माझं नाव पुन्हा वाचतात, आणि मग मी 'ळ' असलेलं एक लांबलचक वाक्य बोलून दाखवतो की गप्प होतात. माझी नेमणुकीच्या मान्यतेची फाइल अजून वर-खाली फिरते आहे, म्हणजे नोकरी आहे आणि नाहीही. कॉलेजच्या गॅदरिंगला शेलापागोट्यांचा कार्यक्रम मीच सुरू केला. तुमचाच वारसा आहे तो. शाळेत डब्यात निनावी चिठ्ठ्या पडायच्या, प्रत्येकीत कुणावर तरी दोन ओळींचा चिमटा, आणि वाचायला तुम्ही उभ्या राहायचात. तुम्ही आम्हाला सांगितलं होतं, शेला आणि पागोटं हा मानाचा अहेर असतो. ज्याला चिमटा बसला त्यानं मान मिळाल्यासारखं हसून घ्यायचं. आणि तुमचा नियम असा की पहिली चिठ्ठी स्वतःवरचीच वाचायची. "बाईंचा जीव ऱ्हस्व-दीर्घात, चूक आमची ऱ्हस्व, छडी मात्र दीर्घ!" हे तुम्ही इतकं रंगवून वाचलं होतंत की लिहिणाराच बाकाखाली लपला. त्यानंतर हेडमास्तरांच्या टकलावरची वाचलीत, तेव्हा ते लालबुंद झाले आणि तरीही हसले, कारण तुम्ही आधी हसला होता.

आमच्या गॅदरिंगला यंदा प्रमुख पाहुणे म्हणून दादा होते. दादा म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांचे चिरंजीव. तालुक्यात असा विजेचा खांब नाही ज्यावर त्यांचा वाढदिवस लटकलेला नाही. नदीतली वाळू कोण उपसतं, ती भरलेले हायवा डंपर कुणाचे, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे आणि म्हणूनच कुणी त्याविषयी बोलत नाही. चिठ्ठ्या आधी मीच चाळतो. कुणाच्या जातीवर, कुणाच्या रंगावर, मुलींवर काही असलं की मी ती बाजूला काढतो. ते तुम्हीही करायचात. ढिगात एक चिठ्ठी निघाली:

दादा आमचे लई कनवाळू,
नदीला विचारा, कुठाय वाळू?

ती फाडून टाकायला हवी होती. हात गेलाही होता. पण बाई, काय नेटकी ओळ आहे बघा. 'मैत्रीचं झाड' आणि 'गालावरची खळी' यांच्या त्या ढिगात ही एकच चिठ्ठी अशी होती की जिच्यात कुणीतरी खरोखर काही पाहिलं होतं. मला मोह झाला. मी तिची शेवटची टांग तेवढी बदलली. 'नदीला विचारा, किती मायाळू.' म्हटलं, आता यात काय आहे? उलट स्तुतीच झाली. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही. माझ्यातल्या सेन्सॉरला मी शाबासकी दिली, आणि त्या वाकड्या अक्षरातल्या 'ळ'वरून ही कुणाची ओळ आहे ते मला कळलं होतं, म्हणून चिठ्ठी तिथंच बारीक फाडून गटारात टाकली.

मंडप गच्च भरला होता. पहिली चिठ्ठी माझ्यावरची वाचली, तुमच्या नियमानं. प्राचार्यांवरची वाचली. दादा सोफ्यावर रेलून हसत होते, खांद्यावर शाल, डोक्याला फेटा. मग मी म्हणालो, "दादा आमचे लई कनवाळू..." मंडपात एकदम शांतता पसरली. "नदीला विचारा..." आणि मी दम खाल्ला. शेवटच्या शब्दाआधी. वर्षानुवर्षांची सवय, माझ्या छातीतच बसलेली आहे ती. आणि त्या थांब्यात मंडपातून, मागच्या पोरांतून, मुलींच्या रांगांतून, कनातीबाहेर उभ्या राहिलेल्या गावातल्या माणसांतून, एकाच वेळी एकच शब्द आला: "वाळू!"

मग जो हशा झाला, बाई, तो मी आयुष्यात ऐकलेला नाही. माणसं एकमेकांच्या अंगावर पडत होती. आपण सगळ्यांनी एकदम तेच म्हटलं, याचंच त्यांना जास्त हसू येत होतं. मी घाबरून पुढचं वाचलं, "किती मायाळू," आणि त्यानं तर तेल ओतल्यासारखं झालं. दादाही हसले. हात जोडून सगळीकडं फिरून हसले. पण त्यांच्या मागं उभ्या राहिलेल्या दोघांपैकी एकही हसला नाही, आणि माझी नजर नेमकी त्यांच्यावरच गेली.

दुसऱ्या दिवशी त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर होता. कुणीतरी मागं संगीतही लावलं होतं. प्राचार्यांनी मला बोलावून दार लावून घेतलं. ते वाईट माणूस नाहीत, पण तेही भ्यालेले होते. म्हणाले, "सर, मी काय अभिव्यक्तीच्या विरोधात आहे का? पण स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे. जिभेला हाड नसतं, सर." माझं आठवीतलं भाषण ते मला म्हणून दाखवत होते, फक्त मूठ आपटत नव्हते. मी म्हणालो, "सर, मी तो शब्द उच्चारलेलाच नाही." ते म्हणाले, "तेच तर. उच्चारला असता तर चूक झाली म्हणता आलं असतं."

मग दादांच्या मागं उभे असलेले ते दोघं घरी आले. तुम्ही म्हणाल शिवीगाळ केली असेल. शिवीगाळ केली असती तर मला बरं वाटलं असतं. चपला बाहेर काढून आले, अम्मीच्या फोटोकडं बघून "माय का?" म्हणून विचारलं, चहा घेतला. थोरला म्हणाला, "सर, दादा लई नाराज हायत. आमी काय भांडायला आलतो का? आमाला फकस्त एक सांगा. तुमी थांबला कावून?"

मी म्हणालो, "सवय आहे. भाषणात थांबतात तसं."

"शब्द तुमी बोलला न्हाईत, ते आमी बी ऐकलंय. पर तुमी थांबला म्हणून पब्लिक बोललं. न्हाई थांबला तर बोललं असतं का?"

याला काय उत्तर द्यायचं, बाई? बोलण्याच्या स्वातंत्र्यावर मी वर्गात तास घेतो, फळ्यावर मुद्दे मांडतो, पोरांकडून दोन्ही बाजू वदवून घेतो. थांबण्याच्या स्वातंत्र्यावर काही वाचलेलं नाही. दुसरा इतका वेळ नुसताच भिंतीवरच्या वेळापत्रकाकडं बघत होता, मुलीच्या शाळेच्या. तो म्हणाला, "पोरगी रिक्षानं जाती का सर शाळंला?" एवढंच. स्वरात काही नव्हतं, शेजाऱ्यानं विचारावं तसं विचारलं. आतून बायकोच्या हातातून काहीतरी पडल्याचा आवाज आला. तुम्ही मला दम खायला शिकवलंत. दम असाही देता येतो हे मला त्या दिवशी कळलं. जाताना थोरल्यानं खांद्यावर हात ठेवला. "माफी मागा, विषय संपला. आन् ती चिठ्ठी कुणी लिवलती तेवढं नाव सांगा. पोराटकी हाय, आमी समजावून सांगू."

ते गेल्यावर बायको दारात उभी राहून म्हणाली, "आप कू क्या पडी थी जी? सारे गाँव कू मालूम है, आपीच कू बोलना था?" मी म्हणालो, "मी बोललोच नाही." ती म्हणाली, "अपने नाम का आदमी खाली खडा भी रहा तो लोगाँ मतलब निकालते." तिचं खोटं नाही. व्हिडिओखाली तसं काहीबाही यायला लागलंच आहे. तिथं आता वाळू राहिली बाजूला आणि मी कोण, हाच विषय झाला आहे. ते मी तुम्हाला वाचून दाखवणार नाही. अम्मी लहानपणी सांगायची, बेटा, बाजारात आवाज फक्त केळ्यांसाठी काढायचा. तुम्ही दोघींनी मला दोन गोष्टी शिकवल्या आणि मी तुमची धरली, कारण तुमच्या शिकवणीवर टाळ्या मिळायच्या.

आता खरी गोष्ट. माफीचं मला इतकं काही वाटत नाही. त्यांनी मजकूर टाइप करून पाठवला आहे. 'मी शेलापागोटे वाचताना अनवधानाने थांबलो. माझ्या थांबण्यामुळे आदरणीय दादांच्या भावना दुखावल्या असल्यास मी दिलगीरी व्यक्त करतो. यापुढे मी कोठेही थांबणार नाही.' यातली 'गी' मी लाल पेननं ऱ्हस्व केली, बघा, इतका तुमचा हात माझ्या हातावर आहे. हे मी वाचीन. गावोगावची माणसं आजकाल असे व्हिडिओ करतात, कान धरून, हात जोडून, आणि दुसऱ्या दिवशी दुकान उघडतात. दुनिया विसरते. माझी भीती वेगळी आहे. कॅमेरा बंद झाल्यावर ते नाव विचारणार आहेत.

ते नाव एका मुलीचं आहे. बारावीला आहे. गॅदरिंगनंतर दोन-तीन दिवसांनी मधल्या सुट्टीत ती स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. बाकीचे शिक्षक जेवायला गेले होते. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "सर, मी जाऊन सांगू का दादाला? तुमच्यावर कावून येऊ द्यायचं?"

"तुझे वडील काय करतात?" मी विचारलं. मला माहीत होतं, तरी विचारलं.

"हायवावर हायत. त्यांच्याच." मग म्हणाली, "पप्पा रोज रातच्याला भरून आणतेत, सर. म्हणूनच तर म्हाईत हाय मला. घरी कुणापशी बोलायचं न्हाई म्हणतेत. मला वाटलं शेलापागोट्यात तर चालतंय. तुमीच म्हणलते, हितं समद्याला माफी असती."

हो, मीच म्हणालो होतो, बाई. डबा ठेवताना वर्गावर्गात जाऊन तुमचं वाक्य सांगितलं होतं मी, की वर्षातून एक दिवस खरं बोलायला कुणाची परवानगी लागत नाही. तिनं त्यावर विश्वास ठेवला. इतक्या पोरांतून एकटीनं. आणि मी तिला काय सांगितलं माहीत आहे? मी म्हणालो, "तू काय लिहिलंस? तू काहीच लिहिलेलं नाहीस. त्या दिवशी डब्यात तुझी चिठ्ठीच नव्हती. कुणालाही, मैत्रिणीलाही, आईलाही काही बोलायचं नाही. समजलं?" ती मान हलवून गेली. आयुष्यभर पोरांना 'मोठ्यानं बोल, मागपर्यंत ऐकू येऊ दे' म्हणत आलो, आणि सगळ्यात गुणी पोरीला गप्प राहायला शिकवलं. ती ते पटकन शिकली, हे मला सगळ्यात जास्त लागलं. आता तासाला पहिल्या बाकावर बसून ती माझ्याकडं बघत नाही, वहीत बघते.

तुम्ही मला बोलायला शिकवलंत. पण न बोलण्याचा सराव कुणी करून घेत नाही हो. वादविवादात दोन्ही बाजू बोलणाऱ्यांच्याच असतात. बोलावं की बोलू नये, यावर दोघं तासभर बोलतात, परीक्षक गुण देतात, आणि चहा होतो. कुणी समोर बसून मुलीच्या रिक्षाविषयी विचारतो आणि मग म्हणतो, नाव सांगा, त्या वेळी जीभ कुठं ठेवायची, हे कुणाच्या भाषणात येत नाही. मी स्वतःला ओळखतो. मी शूर माणूस नाही. गप्प बसलेल्या माणसासमोर मला काहीतरी बोलून ती शांतता भरून काढावीशी वाटते. हे लोक हुशार आहेत. ते चहा पितील आणि गप्प बसतील. तेही दम खातील, माझ्या तोंडाशी नाव येईपर्यंत. मंडपात माझ्या थांब्यावर माणसं जशी बोलली, तसाच मी बोलून बसेन की काय, याची मला भीती वाटते.

म्हणून आज दुपारभर मी सराव केला. तुमच्या पद्धतीनं, स्वयंपाकघरात उभं राहून. कुकर लावला, त्याच्या शिट्टीवरून माफी म्हटली, ती बिनचूक आली. मग गॅस बंद करून, घर अगदी शांत करून, खुर्ची समोर ओढली आणि त्या खुर्चीत तो थोरला बसलाय असं धरून चाललो. त्यानं विचारलं. मी म्हणालो, चिठ्ठी मीच लिहिली. पहिल्यांदा आवाज चिरकला. दुसऱ्यांदा 'मीच' वर इतका जोर पडला की कुणाचाही विश्वास बसला नसता. मग जरा सपाट केलं. बाई, हे मी का लिहितोय, तर मला ते वाक्य कुणाकडून तरी तपासून घ्यायचं आहे. चिठ्ठी मीच लिहिली. यात कुठं खोटं ऐकू येतं का? तुम्हाला लगेच ऐकू आलं असतं. त्यांना येईल का? आणि त्यांना ते पटलं, तर मग माझं, माझ्या घराचं, त्या शाळेच्या रिक्षाचं काय, या प्रश्नाशी आलो की मी सराव सोडून दाराची कडी बघून येतो. कडी लागलेलीच असते.

बायकोचा फोन आला होता. मुलगी मागून काहीतरी विचारत होती, ते ऐकू आलं नाही. "वो पर्चा पढ के छुट्टी करो," बायको म्हणाली, "और कुछ नको." मी हो म्हणालो. तिला दुसऱ्या वाक्याविषयी काही सांगितलेलं नाही.

हे पत्र तुम्हाला जाणार नाही, ते उघड आहे, कुठं टाकायचं हेही ठाऊक नाही. लिहून झाल्यावर सवयीनं शुद्धलेखनासाठी पुन्हा वाचून काढलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की यात एकाही माणसाचं नाव नाही. त्या मुलीचं नाही, ते बरोबरच आहे. दादांचं नाही, कॉलेजचं नाही, तेही समजण्यासारखं आहे. बायकोचं नाही, मुलीचं नाही, खाली माझीही सही नाही. पण तुम्हालाही मी पहिल्या ओळीपासून नुसतं 'बाई' म्हणतोय. मला वाटलं होतं, आदरानं म्हणतोय. आता निदान वरच्या कोपऱ्यात तुमचं पूर्ण नाव लिहावं म्हणून पेन टेकवलं, आणि मनात आलं, उद्या हे कागद कुणाच्या हाती लागले तर ते विचारतील, ही बाई कोण? तुम्हाला आता कुणी काही करू शकत नाही, बाई, हे मला कळतं. तरीही मी पेन उचललं.